मॅनटीला दिसतं किती आणि कळतं किती

प्रश्न असा आला आहे: "डिसेंबरात मुलीकडे फ्लोरिडाला गेलो होतो, तेव्हा क्रिस्टल रिव्हरला कयाकमधून मॅनटी पाहिल्या. एक भलंमोठं जनावर सरळ आमच्याकडे आलं, कयाकच्या तळाला तोंड घासलं, लोंबणारा दोर ओठांत धरून चघळला आणि निघून गेलं. डोळे मण्याएवढे, कान तर दिसलेच नाहीत. अशा जनावराला गढूळ पाण्यात वाट कशी सापडते? आणि एवढं सगळं कळत असेल तर ते बोटीखाली का येतं?"

शेवटचा प्रश्न अवघड आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर मॅनटीच्या, म्हणजे पाण्यातच राहणाऱ्या आणि पाणगवत खाणाऱ्या या अवाढव्य सस्तन जनावराच्या, अंगात आहे, त्यामुळे आधी ते अंग समजून घेऊ. मी सोळा वर्षं याच किनाऱ्यावर मॅनटींच्या बचावाच्या आणि मागोव्याच्या कामात आहे. पुढे लिहिते आहे त्यातलं काही प्रयोगशाळांमधून सिद्ध झालेलं आहे, काही आम्ही रोज पाण्यात पाहतो.

ओढ्यात डुंबणारी म्हैस पाहिलेल्या माणसाला मॅनटी ओळखीची वाटते आणि तिथेच फसगत होते. म्हैस पाण्यात बूड टेकून बसते. मॅनटी हव्या त्या खोलीवर नुसती थांबू शकते, एकही अवयव न हलवता. साधारण तीन मीटर लांबी, चार-पाचशे किलो वजन, काही तर हजार किलोच्या पुढे. एवढं धूड काचेसारख्या पाण्यात अधांतरी टांगल्यासारखं दिसतं. तुम्ही क्रिस्टल रिव्हरच्या थ्री सिस्टर्स झऱ्यावर गेला असाल तर हे पाहिलंच असेल.

याचं गमक पाठीत आहे. आपली फुप्फुसं छातीच्या पिंजऱ्यात असतात. मॅनटीची पाठीच्या कण्याला लागून आडवी, लांबलचक पसरलेली असतात. श्वासाचा पडदाही आडवा, आणि डावा-उजवा असे त्याचे दोन स्वतंत्र भाग. पोटाच्या स्नायूंनी ही हवा दाबली की मॅनटी हळूच खाली जाते, सैल सोडली की वर येते. स्कूबावाले हवा भरायचं जॅकेट घालतात ना, तसं जॅकेट हिच्या अंगातच आहे. उलट बाजूने वजन देतात ती हाडं. मॅनटीच्या बरगडीत मज्जेची पोकळीच नसते, ती आरपार भरीव असते. पहिल्यांदा बरगडी हातात घेतली तेव्हा मला ती पाट्याच्या दगडासारखी जड लागली होती. वर हवा आणि अंगभर भरीव हाडांचा भार, म्हणून ती आडवी, स्थिर राहते. आतड्यातल्या वायूचाही यात हात असतो. दिवसाचे सहा-आठ तास पाणगवत खाणारं आणि ते मोठ्या आतड्यात आंबवणारं जनावर आहे, वायू कमी कसा असेल? बद्धकोष्ठ झालेली मॅनटी शेपूट वर करून तरंगताना दिसते. पर्यटक हसतात, आम्ही नोंदवहीत लिहून घेतो, कारण ते आजाराचं लक्षण आहे.

पुढे जाण्याचं सगळं काम शेपटीचं. मागचे पाय नाहीतच, आत कंबरेच्या हाडाचे दोन तुकडे तेवढे उरले आहेत. शेपूट गोल आणि चपटी, भाकरी परतायच्या उलथन्यासारखी. (आपल्याकडच्या डुगाँगची शेपूट डॉल्फिनसारखी मधे खाच असलेली असते, दोघी चुलतबहिणी, पण मागून पाहिल्या तर गल्लत होणार नाही.) ही शेपूट वर-खाली हलते, डावी-उजवी नाही, आणि तिची लाट अर्ध्या अंगातून जाते. नेहमीची चाल तासाला पाच ते आठ किलोमीटर, म्हणजे तुमच्या-माझ्या झपाझप चालण्याएवढी. बिथरली तर थोड्या अंतरासाठी तासाला चोवीस किलोमीटरपर्यंत मजल मारते. तेव्हा मागे जो भोवरा उठतो त्यात आमची छोटी होडी गरकन फिरलेली आहे. पुढचे दोन पंख वळायला आणि तोल सांभाळायला लागतात, आणि उथळ पाण्यात ती त्यांच्यावर चक्क चालते: एक पंख पुढे, मग दुसरा, रांगणाऱ्या बाळासारखी. त्या पंखांना टोकाशी तीन-चार नखंही असतात, हत्तीच्या पायाला असतात तशी. हत्ती तिचा जवळचा नातलगच आहे.

मान मात्र जवळपास नाहीच. बहुतेक सस्तन प्राण्यांना, अगदी जिराफालाही, मानेचे सात मणके असतात. मॅनटीला सहाच. बाजूला पाहायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. तुमच्या कयाकजवळ येऊन ती आडवी झाली असेल, पोट वर करून एक चक्कर मारली असेल, तर तो लाडिकपणा असेलही, पण तिला तुमची दुसरी बाजू तपासायची होती हे जास्त शक्य आहे.

पाण्यावर तिचा माग काढायला आम्ही पावलं शोधतो. पावलं म्हणजे पृष्ठभागावर उमटणाऱ्या गुळगुळीत गोल चकत्या. शेपटीचा प्रत्येक फटका पाणी वर ढकलतो आणि सगळीकडे बारीक लाटा असताना तेवढ्याच जागी तेल सांडल्यासारखं सपाट होतं. अशा चार-पाच चकत्या ओळीत दिसल्या की पुढच्या चकतीच्या थोडं पुढे होडीचं इंजिन बंद करून थांबायचं. तीन ते पाच मिनिटांत नाकपुड्या वर येतात, फुस्स असा आवाज होतो, आणि झाकण लावल्यासारख्या पुन्हा मिटतात. झोपलेली मॅनटी वीस मिनिटंसुद्धा खाली राहू शकते. वर आली की एका श्वासात फुप्फुसांतली नव्वद टक्के हवा बदलते. आपण साध्या श्वासात दहा-पंधरा टक्केच बदलतो.

आता डोळे. फ्लोरिडातल्याच सारासोटाच्या मोट मरीन लॅबोरेटरीत ह्यू आणि बफेट नावाचे दोन नर होते. मॅनटीच्या ज्ञानेंद्रियांबद्दल आज जे खात्रीने सांगता येतं त्यातलं बरंचसं या दोघांनी शिकवलं. माणसांनी त्यांना खुणेच्या फळीला तोंड लावायला शिकवलं आणि वर्षानुवर्षं परीक्षा घेतल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दृष्टीच्या परीक्षेत दोघांपैकी चांगली नजर असलेल्या बफेटलाही माणसापेक्षा वीसेक पटींनी कमी बारकावा दिसला. ह्यूला त्याहून बराच कमी. म्हणजे उजेड-अंधार, मोठे आकार, हलणारी सावली कळते, बारीक तपशील नाही. रंगांत निळा आणि हिरवा वेगळा ओळखता येतो. डोळा मिटण्याची तऱ्हा तर जवळून पाहण्यासारखी आहे: वरची पापणी खाली येत नाही, चहूबाजूंची कातडी बटव्याची नाडी ओढल्यासारखी मधोमध आवळली जाते. आणि नितळ झऱ्यात थोडंफार दिसलं तरी मॅनटीचा बराचसा जन्म चहाच्या रंगाच्या नद्यांत आणि गाळाने ढवळलेल्या खाड्यांत जातो. तिथे गरुडाचे डोळे असते तरी उपयोग नव्हता.

मग कळतं कशाने? केसांनी.

पुढच्या वेळी एखाद्या मॅनटीची पाठ उन्हात जवळून दिसली तर नीट पाहा. राखाडी, जाडीभरडी कातडी, वर शेवाळ, आणि मधून मधून, दोन-चार सेंटीमीटरवर एकेक, उभा राहिलेला बारीक केस. इतके विरळ की आधी ते शेवाळाचेच धागे वाटतात. आरोग्य तपासणीसाठी आम्ही मॅनटी जाळ्याने किनाऱ्यावर घेतो. डॉक्टर रक्त काढतात, एकजण श्वास मोजत बसतो, आणि माझं काम असतं स्पंजाने अंगावर पाणी घालत राहणं. त्यामुळे या केसांवरून माझा हात शेकडो वेळा फिरला आहे. उबेसाठी हे केस निरुपयोगी आहेत. फ्लोरिडा विद्यापीठातल्या रॉजर रीप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुळापासून तपासले तेव्हा लक्षात आलं की यातला साधा केस एकही नाही. सगळ्या मिशा आहेत.

मांजराची मिशी आणि मांजराच्या पाठीवरचा केस यांतला फरक मुळाशी असतो. मिशीचं मूळ रक्ताने भरलेल्या पिशवीत बसवलेलं असतं आणि त्याभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. टोक जरासं वाकलं की मुळाशी दाब पडतो आणि निरोप मेंदूला जातो. मांजर, कुत्रा, सील, उंदीर यांना अशा मिशा प्रामुख्याने तोंडाभोवती असतात. मॅनटीला तोंडावर सुमारे दोन हजार आणि उरलेल्या अंगभर सुमारे तीन हजार. नाकापासून शेपटीपर्यंत नुसत्या मिशा.

कोकणातल्या वाचकांना हे एका वाक्यात कळेल. मासा साफ करताना डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगावर एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेने मासा पाण्याची हालचाल ओळखतो. सस्तन प्राण्यांत ती रेघ नाही, पण मॅनटीने केसांतून तसंच काहीतरी घडवलेलं दिसतं. ही कल्पना रीप यांच्या गटाने २००२ साली मांडली आणि पुढे ह्यू-बफेटनी तिला बळ दिलं. पाण्यात थोड्या अंतरावर एक गोळी अगदी किंचित कंप पावत ठेवायची आणि कळलं की त्यांनी खूण करायची, असा तो प्रयोग. पाण्याचे कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) कमी सरकले तरी त्यांना कळलं; काही कंपनांच्या बाबतीत तर हा आकडा नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मायक्रॉनच्याही हजाराव्या भागापर्यंत, खाली गेला. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आणि हे चेहऱ्यापुरतं नाही, अंगावरच्या केसांनाही कळतं.

म्हणजे भरती वळली, शेजारून दुसरी मॅनटी गेली, पुढे खांब आहे आणि त्याभोवती प्रवाह फुटतोय, काठ जवळ आल्यामुळे आपल्याच अंगाची लाट परत येतेय, हे सगळं तिच्या पाठीवर, कुशीवर लिहिलं जात असणार. "असणार" म्हणते, कारण टाकीतल्या गोळीचं कंपन ओळखणं आणि खाडीत वाट काढणं यांच्यामधला पूल आपण तर्काने बांधतो. पण काळोख्या रात्री पुलाच्या खांबांच्या रांगेतून चार मॅनटी एकामागून एक, कुठेही न घासता जाताना मी पाहिल्या आहेत, आणि दुसरं पटणारं स्पष्टीकरण मला तरी सुचलेलं नाही. वटवाघळासारखा आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकण्याची सोय त्यांच्याकडे नाही.

तोंडावरच्या मिशांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचा उपयोग जाणण्याइतकाच पकडण्यासाठीही होतो. वरचा ओठ दुभंगलेला, जाड, दोन्ही बाजू स्वतंत्र हलणाऱ्या; त्यातले राठ केस ती बाहेर काढते, गवताची काडी दोन्ही बाजूंनी धरते आणि आत ओढते. आधी चाचपायचं, मग धरायचं, मग ठरवायचं. ओठ किती तरबेज आहेत हे पाहायला ह्यू आणि बफेटपुढे खाचा पाडलेल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. दोन मिलिमीटर रुंदीच्या खाचेपेक्षा ०.०५ मिलिमीटरने वेगळी खाच बफेटने ओळखली. हत्ती सोंडेच्या टोकाने जे करतो त्याच्याशी किंवा ब्रेल वाचणाऱ्या माणसाच्या बोटाशी याची तुलना होते.

तेव्हा तुमची मॅनटी दोर चघळत होती तेव्हा ती दोर वाचत होती. दुर्दैव हे की खेकड्यांच्या सापळ्यांचे दोरही ती असेच वाचते. पंखाला वेढा बसतो, ती फिरते तसा आवळत जातो आणि मांसात रुततो. दरवर्षी आम्ही असे दोर कापतो. कधी उशीर झालेला असतो आणि पंख गेलेला असतो.

वास आणि चव यांबद्दल थोडक्यात: वासाची यंत्रणा तोकडी आहे, चवीच्या कळ्या जिभेच्या मुळाशी बऱ्यापैकी आहेत. गोडं पाणी मात्र तिला बरोबर सापडतं. धक्क्यावर कुणी नळी गळती ठेवली की मॅनटी खाली येऊन तोंड उघडते. तिला असं पाणी पाजणं बेकायदा आहे, आणि तुम्ही केलं असेल तर पुन्हा करू नका. त्याने ती बोटींच्या गर्दीत रेंगाळायला शिकते.

आता कान. बाहेरचा कान नाही, डोळ्यामागे टाचणीने टोचल्यासारखं छिद्र आहे. तरीही ऐकू चांगलं येतं, विशेषतः उंच स्वर. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांत तीक्ष्ण श्रवण सोळा ते अठरा किलोहर्ट्झच्या आसपास निघालं; पुढे बफेटने त्याहून बरंच वरचंही ऐकून दाखवलं. खालच्या, घुमणाऱ्या स्वरांना मात्र कान मंद. आई आणि पिल्लू सतत बारीक चीं-चीं करत बोलत असतात. एकदा पिल्लू जाळ्याच्या या बाजूला आणि आई त्या बाजूला राहिली, तेव्हा पाण्यात सोडलेल्या माइकवरून ते संभाषण आम्ही ऐकलं. जाळं उचलेपर्यंत दोघींचा आवाज एकदाही थांबला नाही.

इथे तुमचा शेवटचा प्रश्न येतो. बोटीच्या इंजिनाचा बराच आवाज खालच्या पट्टीत असतो, आणि उथळ पाण्यात ती पट्टी लांबवर पोचतही नाही. त्यावरून काहींनी असं मांडलं की हळू चालणारी बोट मॅनटीला ऐकूच येत नाही, म्हणून वेगमर्यादा उलट घातक आहे. हा युक्तिवाद इथल्या बोटमालकांना फार आवडतो. मला तो पटत नाही. मॅनटींच्या अंगावर नोंदयंत्रं लावून केलेल्या अभ्यासात दिसलं की बोट जवळ येताना त्या दिशा बदलतात, खोल पाण्याकडे सरकतात. आणि बोट सावकाश येत असेल तर त्यांना त्यासाठी जास्त वेळ मिळतो. मॅनटीला बोट कळते. अडचण वेळेची आहे. ताशी साठ किलोमीटरने येणारी बोट सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. मॅनटीला चाहूल लागणार, मान वळत नाही म्हणून अख्खं अंग वळवणार, फुप्फुसं दाबून बुडायला लागणार किंवा शेपटीने वेग घेणार. दीड मीटर पाण्यात बुडायला जागाच नसते. लाखो वर्षांत तिच्या मागे धावणारं असं काही पाण्यात नव्हतं. जपून, सावकाश, चाचपत जगायला घडवलेलं अंग आहे हे.

आणि धडक बसली की पाठीवर आधी सांगितलेली व्यवस्थाच उलटते. भरीव हाड जड असतं पण जोराच्या धक्क्याने तडकतं. तडकलेली बरगडी तिच्याच खाली पसरलेल्या फुप्फुसात घुसते, हवा छातीच्या पोकळीत साठते, आणि मॅनटी एका कुशीवर कलंडून तरंगत राहते. बुडता येत नाही, म्हणून गवतापर्यंत तोंड पोचत नाही, उन्हाने पाठ सोलते. कलती मॅनटी दिसली असा फोन आला की आम्ही दुसरं काही विचारत नाही, गाडी काढतो. उपचारकेंद्रात अशा काहींना अंगाभोवती वेटसूट चढवतात, तोल राहावा आणि ऊबही मिळावी म्हणून. फ्लोरिडात दरवर्षी शंभराच्या आसपास मॅनटी बोटींच्या धडकेने मरतात. जगतात त्यांतल्या बहुतेक प्रौढांच्या अंगावर बोटीच्या फिरत्या पंख्याचे व्रण असतात, आणि आम्ही जनावरं ओळखतो ती त्या व्रणांच्या फोटोंवरून.

वाट कशी सापडते, याचा लांब पल्ल्याचा भाग उरला. मॅनटी सावकाश जगते, अंगातली भट्टी मंद आहे. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं की थंडीने ती आजारी पडते. म्हणून हिवाळ्यात त्या क्रिस्टल रिव्हरच्या किंवा ब्लू स्प्रिंगच्या झऱ्यांवर येतात, जिथे बारा महिने पाणी बावीस अंशांच्या आसपास असतं, किंवा वीजकेंद्रांच्या गरम पाण्यापाशी. तुम्हाला डिसेंबरात एवढ्या दिसल्या त्या त्यामुळेच. हे पत्ते पिल्लू आईच्या मागे मागे फिरून शिकतं, तिच्या पंखाच्या जरा मागे, अंगाला अंग लावून, वर्ष-दोन वर्षं. शेपटीच्या मुळाशी पट्टा बांधून त्याला तरंगतं यंत्र जोडलेल्या मॅनटी आम्ही वर्षानुवर्षं त्याच झऱ्यावर, त्याच खाडीत परत आलेल्या पाहतो. (पट्टा कशात अडकला तर तुटेल असाच असतो.) चेसी नावाचा एक नर तर १९९४ साली पार उत्तरेला चेसापीक उपसागरात जाऊन बसला. थंडी येईल म्हणून त्याला विमानाने फ्लोरिडाला आणलं. पुढच्या उन्हाळ्यात गडी आणखी उत्तरेला र्‍होड आयलंडपर्यंत पोचला आणि यावेळी स्वतःच परत फिरला.

पण पत्ते पाठ असणं कधी अंगाशीही येतं. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाण्याने आणि शेवाळाने पाणगवत मेलं, तरी मॅनटी उबेसाठी तिथेच जात राहिल्या. २०२१ साली राज्यात अकराशेच्या आसपास मेल्या, त्यातल्या अनेक उपासमारीने. ऊब सापडली, खाणं नव्हतं. त्या हिवाळ्यात सरकारने त्यांना लेट्यूस घातली, जंगली प्राण्यांना खाऊ घालू नये हा स्वतःचाच नियम बाजूला ठेवून.

पुढच्या वेळी जाल तेव्हा कयाकला दोर लोंबता ठेवू नका. मॅनटी आली तर वल्हं मांडीवर ठेवून थांबा, हात पाण्यात घालू नका, पाठलाग करू नका. तळाला ओठ घासल्याचा खरखरीत आवाज येईल, मग जरा वेळ काहीच नाही, आणि दहा-पंधरा हातांवर पाण्यात एक गुळगुळीत चकती उमटेल.